पाटण्याची वाट

शनिवार, कन्नड

महालक्ष्म्या उठल्या, फराळाचे डबे घरोघर पोचते झाले आणि मी सासुरवाडीला येऊन पडलो. वरवरचं कारण भेटीगाठी, आतलं कारण गौताळा. हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कुणी विचारत नाही. मेहुण्यानं मात्र सकाळी बूट बांधताना पाहिलं. "दाजी, तळ्यापर्यंत गाडी जाते की. पायी काहून?" म्हटलं, गाडीत बसून पाय मोकळे होत नाहीत. "मग शेतात चला. अद्रकीला माती लावायची, माणूस भेटंना." यावर काय बोलणार. नाक्यावर नोंद केली आणि निघालो.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 चं. साधारण 260 चौरस किलोमीटर. काही आपल्या संभाजीनगर जिल्ह्यात, काही जळगावच्या. मराठवाड्यात जंगल आहे हे सांगितलं तर पुण्याकडची मंडळी अजूनही हसतात. हसू द्यावं. शनिवार-रविवारी धबधब्याखाली स्पीकर लावून नाचणारी गर्दी निम्मी त्यांच्याकडंच थांबते, हा त्यातला फायदा.

आजचं चालणं तसं साधं होतं, तळ्याच्या अंगानं आणि मग चंदन नाल्याकडं. साग, धावडा, सालई, मधे पळस. भादव्यात सागाची पानं बघण्यासारखी असतात, म्हणजे निम्म्या झाडांवर ती उरलेलीच नसतात. अळी हिरवा भाग खाऊन जाते आणि मागं शिरांची जाळी ठेवते. एक पान उजेडात धरलं तर पलीकडची टेकडी दिसत होती. झाड त्यानं मरत नाही, पण लांबून अख्खा उतार करपल्यासारखा वाटतो.

नाल्याच्या काठी कळलावी फुलली होती. घाणेरीच्या जाळीत घुसून वर आलेली. हिच्या पानाचं टोक लांब होऊन वळतं आणि जे सापडेल त्याला विळखा घालतं. वेगळे तणावे नाहीत, पानच हाताचं काम करतं. एका वेलीवर तिन्ही वयाची फुलं होती. खालचं पार लाल, मधलं अर्धं पिवळं, वरचं अजून हिरवट. पाकळ्या उलट्या वर वळलेल्या आणि पुंकेसर खाली पसरलेले, त्यामुळे फूल खाली तोंड करून उभं असतं. कंद जहरी. शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणूनच गुरांच्या वाटेवर ती टिकून आहे असं मला वाटतं.

वाघाचं विचाराल तर, मला काही दिसला नाही. पण 2021 मध्ये इथल्या कॅमेऱ्यात वाघ आला, कित्येक दशकांनी. तो यवतमाळच्या टिपेश्वरहून आलेला निघाला. सरळ रेष ओढली तरी 300 किलोमीटरच्या वर अंतर, आणि वाघ काही रेषेत चालत नाही. रस्ते, कपाशीची वावरं, कालवे, गावं ओलांडत, रात्रीच्या अंधारात. आपण चार तास चाललो की फोटो टाकतो.

संध्याकाळी अंगणात बसून हे लिहितोय. आत पुरणाच्या उरलेल्या पोळ्या तुपावर गरम होऊ लागल्यात, तेव्हा आज इतकंच.

रविवार, रात्र

आजचं सगळं लिहिलं पाहिजे, नाहीतर आबांचं बोलणं विसरेन.

सकाळी मेहुण्यानं कालीमठ फाट्याला सोडलं. तिथून पितळखोऱ्याच्या लेण्यांपर्यंत सपाट माळ आहे. दोन्हीकडं डोक्याएवढा मका, मधे कपाशी, बैलांच्या शिंगांवर पोळ्याचा रंग अजून टिकलेला. डोंगर कुठंच दिसत नाही, कारण आपण डोंगरावरच असतो. आणि मग एकाएकी जमीन संपते. कठड्यापाशी उभं राहिलं की खाली दरी, दरीत रान, आणि रानापलीकडं धुरकट खानदेश.

ही कड म्हणजे पाणलोटाची सीमा. माझ्या पाठीमागं पडलेला पाऊस शिवना धरते, ती कन्नडवरून खाली गोदावरीला, पैठणच्या नाथसागर जलाशयात जाते. माझ्या पुढ्यात पडलेला पाऊस डोंगरी नदीनं चाळीसगावला, तितूरला, पुढं गिरणेतून तापीला मिळतो. म्हणजे वाऱ्यानं ढग शंभर पावलं इकडं-तिकडं ढकलला तर त्याचं पाणी एकतर बंगालच्या उपसागरात नाहीतर अरबी समुद्रात. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला असं पाणी पलीकडं जाताना बघून पोटात कालवतं, हे कबूल केलंच पाहिजे. लहानपणी टँकरमागं घागर घेऊन पळालेलो आम्ही.

पायऱ्या उतरून लेण्यांपाशी गेलो. नाला भरून वाहत होता. इथली लेणी अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांइतकीच जुनी, इसवी सनापूर्वीची, पण पडझड फार. दगडाचा थरच ठिसूळ आहे, फटींतून पाणी झिरपतं आणि दर्शनी भाग पापुद्रे सुटल्यासारखा गळून गेलाय. तरी चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, आणि पाच फण्यांचा नाग, फण्यांना भोकं पाडलेली, वरचं पाणी त्यातून खाली पडावं म्हणून. पाण्यानं लेणं खाल्लं ते खाल्लंच, पण घडवणाऱ्यांना पाणी चांगलं माहीत होतं.

दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. मगिल नावाचा राजवैद्य. पैठणचा मितदेव, घराणं गंधिकाचं, म्हणजे अत्तर-सुगंधाचा धंदा. इथून मिळालेला एक बुटका, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तो कण्हदास नावाच्या सोनारानं केला असं त्याच्यावरच लिहिलंय. मी ओल्या पायरीवर बसून मितदेवाचा विचार करत राहिलो. शिवनेचं पाणी पैठणकडं जातं आणि पैसा पैठणकडून वर आला. तो स्वतः आला असेल का इथवर? आला असेल तर पायीच, नाहीतर बैलगाडीनं.

नाल्यापलीकडं एक आबा दगडावर बसलेले, शेळ्या वर कपारीत. त्यांनीच हाक मारली.

"कुठून येऊ लागलात?"

"संभाजीनगरहून, आबा. सासुरवाडी कन्नडची."

"मंग पाव्हणेच की." तंबाखूची डबी पुढं. मी नाही म्हटलं, त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही.

ही खालची वाट कुठवर जाते, विचारलं. "पाटण्याला, चाळीसगावाकडच्या. लेक दिली नं तिकडं. गाडीनं जायचं म्हणलं की घाट उतरा, चाळीसगाव गाठा, तिथून पुन्हा माघारी या. इकडून उतरलं की दुपारच्या भाकरीला लेकीच्या दारात."

"आणि पाऊस असला तर?"

"नाल्याला विचारायचं. तो सांगतो, जाय म्हणून नाहीतर बस म्हणून."

2021 च्या ऑगस्टअखेरीस नाल्यानं कुणालाच विचारलं नव्हतं. वर पाऊस कोसळला, कन्नड घाटात दरड आली आणि खाली चाळीसगावात तितूर-डोंगरीचं पाणी घराघरांत शिरलं. आबांना तो पाऊस आठवतो. लेकीचा फोन लागेना म्हणून पाणी ओसरू लागलं तसे ते याच वाटेनं उतरले होते. एवढंच बोलले आणि एका शेळीला शिवी घातली.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. ट्रेकचे गट दोर, टी-शर्ट आणि ड्रोन घेऊन येतात आणि वाट 'शोधली' म्हणतात. वाट लेकीला भेटायला जाणाऱ्यांनी, डिंक आणि तेंदूपत्ता आणणाऱ्यांनी, पाटणादेवीचा नवस फेडणाऱ्यांनी पाडलेली आहे. पाटण्यालाच भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आहे. तिथं शिकायला घाटमाथ्यावरची पोरं जात असतील तर याच खोऱ्यातनं उतरत असतील, असा माझा अंदाज. पुरावा काही नाही. वनखात्याची पाटी आली आणि वाट दुभंगली की मी तरी लेंड्या बघून चालतो. शेळ्या चुकत नाहीत.

नवरात्रात पाणी उतरतं, तेव्हा आबा मला खाली नेणार आहेत. अट एकच, अद्रक घेऊन यायची, लेकीकडं रिकाम्या हातानं जायचं नाही.

जेवताना हे सांगितलं. मेहुणा म्हणाला, "तुम्ही उतरा खुशाल, मी घाटानं गाडी घेऊन पाटण्याला येतो, येताना बसा गाडीत." सासूबाईंनी आतून ऐकलं. देवीचा नारळ कधीचा राहिलाय म्हणे. मग मेहुण्याची बायको, पोरं, शेजारच्या काकू. आत्ता गाडीत सहा जण झालेत, आणि येताना माझ्यासाठी जागा कुठं हे अजून कुणी बोललेलं नाही.