मिसिसिपीच्या काठावर तंबू टाकू नका, वर कड्यावर टाका

विस्कॉन्सिन आणि मिसिसिपी या दोन नद्या जिथे मिळतात, त्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या प्रेरी डू शीन गावाच्या परिसरात कॅम्पिंगला जाणार असाल तर आधी एवढंच ऐका: 'रिव्हरफ्रंट' म्हणून जाहिरात केलेली साइट घेऊ नका. फोटो कितीही सुंदर असोत, लोकांनी पाचपैकी कितीही तारे दिलेले असोत. कड्यावर जागा मिळत असेल तर ती घ्या. नसेल मिळत तर तारीख बदला. जुलैच्या लाँग वीकेंडला आम्ही आधी खाली राहिलो, मग वर राहिलो, आणि दोन्हींत इतका फरक आहे की हे लिहिल्याशिवाय राहवेना.

वरची साइट सोबतच्या कुटुंबाने आदल्या ऑगस्टमध्येच धरून ठेवली होती, पण ती वीकेंड संपल्यानंतरच्या रात्रींसाठी. वीकेंडपुरतं मी विस्कॉन्सिनच्या बाजूचं एक खाजगी कॅम्पग्राउंड घेतलं. फोटोत हिरवंगार गवत, पलीकडे संथ पाणी, काठाला एक कॅनो. 'शांत, कुटुंबांसाठी' असं वर्णन. ते फोटो नेमके रुळांकडे पाठ करून काढलेले होते! आमच्या तंबूच्या शेवटच्या खुंटीपासून रेल्वेचे रूळ साठ-पासष्ट पावलांवर. मधे कुंपण नाही, झाडांची रांग नाही, फक्त खडीचा उतार. वर्णनात याबद्दल एक अक्षर नव्हतं. ऑफिसातल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सवय होते."

नाही होत. मालगाडी येते तेव्हा आधी जमीन कळवते. पाठीखालच्या मॅटमधून एक बारीक थरथर सुरू होते, मग डोक्याशी ठेवलेल्या स्टीलच्या बाटलीचं झाकण वाजायला लागतं. तेवढ्यात इंजिनाचा दिवा तंबूच्या कापडावर एका बाजूने चढतो आणि आतलं सगळं पांढरं होतं. आणि मग भोंगा: दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. पहिल्या वेळी धाकटा उठून बसला आणि म्हणाला, "आई, गाडी इकडेच येतेय का?" त्याला कुशीत घेऊन डबे संपायची वाट बघत बसले. या गाड्या मैलभराहून लांब असतात, ते लवकर संपत नाही. डोळा लागतोय न लागतोय तोच पुढची.

भोंगा वाजवणं चालकाच्या मर्जीवर नाही, हे नंतर वाचून समजलं. सार्वजनिक फाटक आलं की १५ ते २० सेकंद आधीपासून भोंगा द्यायचा, असा केंद्राचा नियम आहे आणि आवाज १०० फुटांवर किमान ९६ डेसिबल भरला पाहिजे. रात्र-दिवस असा भेद नाही. एखाद्या गावाने रीतसर 'क्वाएट झोन' करून घेतला असेल तरच सूट. कॅम्पग्राउंडकडे जाणारा रस्ताच रूळ ओलांडून जात होता, म्हणजे भोंग्याची जागा आमच्या उशाशीच. रात्री साडेदहानंतर गप्पा मारू नका, अशी पाटी मात्र प्रत्येक साइटवर लावलेली होती.

हे एखाद-दुसऱ्या ठिकाणाचं दुखणं नाही, खोऱ्याची रचनाच तशी आहे. हा प्रदेश ड्रिफ्टलेस म्हणून ओळखला जातो. हिमयुगातल्या हिमनद्यांनी आजूबाजूचा मध्य-पश्चिम सपाट केला, पण हा तुकडा चुकला. पुढे वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने नदीचं पात्र खोल कापत नेलं. म्हणून दोन्ही अंगांना ५०० फुटांचे कडे आणि खाली सपाट जमिनीची एक चिंचोळी पट्टी. रेल्वे, हायवे, गावं, बोटी उतरवायचे धक्के, सगळं त्या पट्टीत कोंबलेलं. कॅम्पग्राउंडही तिथेच. पलीकडे आयोवा राज्याच्या काठानेही रूळ आहेत, तेव्हा 'त्या बाजूला शांत असेल' या भरवशावर राहू नका. कडे समोरासमोर असल्यामुळे पलीकडचा भोंगाही पाण्यावरून इकडे येतो. शिवाय नदीत बार्जचे, म्हणजे मालवाहू सपाट नावांचे ताफे. टगबोट एका वेळी पंधरापर्यंत बार्ज ढकलत नेते आणि रात्री काठ शोधायला सर्चलाइट फिरवते. तो झोत तंबूवरून गेला की पुन्हा सगळे जागे.

आवाजापेक्षा गंभीर गोष्ट निघताना समजली. रुळांवर एक मालगाडी येऊन उभी राहिली आणि बाहेर पडायचा एकमेव रस्ता बंद. अर्ध्या तासाहून जास्त वेळ आम्ही आणि आमच्यामागे सात-आठ गाड्या तशाच उभ्या. त्या वेळी कोणाला दम्याचा झटका आला असता, किंवा वादळाचा इशारा आला असता, तर? मुलं किंवा वयस्कर आईवडील सोबत असतील तर रुळांच्या आणि नदीच्या मधे अडकवणारी जागा घेऊच नका. माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे.

आता पैशांचं. बुकिंग करताना दर दिसला रात्रीला ५२ डॉलर. पोचल्यावर दुसऱ्या छोट्या तंबूचे वेगळे, दुसऱ्या गाडीचे वेगळे, चारच्या वर माणशी वेगळे, आणि वर 'सुविधा आकार' नावाचा एक आकडा. शॉवर नाण्यांवर चालणारा. लाकडाच्या मोळीला १२ डॉलर, आणि मोळीत मोजून पाच ओंडके, तेही ओले. बाहेरचं लाकूड आणायला मनाई. ही मनाई मुळात योग्यच आहे. एमरल्ड ॲश बोरर या किड्याने इथली ॲशची झाडं खलास केली आहेत आणि तो सरपणातून पसरतो. पण त्याच नियमाच्या आडून ओली लाकडं दुप्पट भावाने विकणं ही लूट आहे. रात्रीला ५२ म्हणता म्हणता शंभराच्या आसपास गेले. खाजगी ठिकाणी बुकिंगच्या आधी फोन करा आणि तंबू, गाड्या, माणसं, शॉवर, लाकूड सगळं धरून एकूण किती होईल ते विचारून ई-मेलवर मागून घ्या. टाळाटाळ केली तर तिथे जाऊ नका.

काठाची जमीन पुराच्या गाळाची असते, तिचंही सांगते. वरून कोरडी दिसते, पण खुंटी मारली की खाली चिखल लागतो आणि वारा आला की खुंट्या सुटतात. वाळूसाठी वापरतात त्या रुंद खुंट्या न्या. पावसाळी आठवडा असेल तर निघण्यापूर्वी अमेरिकी हवामान खात्याच्या संकेतस्थळावर पलीकडच्या काठावरच्या मॅकग्रेगर गावच्या मापकावर नदीची पातळी बघा. तिथे १६ फुटांना पूर धरतात. १९६५च्या एप्रिलमध्ये पाणी २५ फुटांवर गेलं होतं आणि त्यानंतर प्रेरी डू शीनच्या बेटावरची वस्तीच हलवावी लागली. आणि जुलैत मेफ्लाय नावाचे पंखवाले किडे. एखाद्या संध्याकाळी ते नदीतून असे उठतात की हवामानाच्या रडारवर ढग दिसावा. चावत नाहीत, पण दिव्यावर येऊन पडतात. आमच्या कंदिलाखाली, खिचडीच्या पातेल्याच्या झाकणावर थर जमला होता. अंधार पडायच्या आत जेवण उरका आणि पांढरा दिवा लावूच नका.

दिवस चांगले गेले. आयोवाच्या बाजूचं एफिजी माउंड्स बघा, प्रवेश फुकट. दोनशेहून अधिक प्राचीन मातीचे उंचवटे आहेत, काही अस्वलाच्या तर काही पक्ष्याच्या आकाराचे. सुरुवातीची चढण दमवते, पुढे सपाट. बाकी कॅनो वगैरे नेहमीचंच.

आणि मग वायलूसिंग. खाली भिजलेलं, चिखलाने माखलेलं सामान गाडीत कोंबून आम्ही १८ नंबरच्या हायवेने ब्रिजपोर्टचा पूल ओलांडला, काउंटी रोड सीने वर चढलो आणि विस्कॉन्सिन रिज कॅम्पग्राउंडवर तंबू ठोकला. हे सरकारी स्टेट पार्क आहे, १९१७ सालचं. कड्याच्या कडेच्या साइटवरून विस्कॉन्सिन नदीचं सगळं खोरं पायाखाली: वाळूची बेटं, फाटे, झाडीतून वळत जाणारं पाणी, आणि डावीकडे मिसिसिपी. १७ जून १६७३ रोजी मार्केट आणि जोलिए हे फ्रेंच शोधप्रवासी होड्यांतून या संगमावर पोचले. सकाळी धुकं खाली राहतं आणि गिधाडं आपल्या नजरेच्या पातळीवर तरंगत असतात. मी चहाचा कप हातात घेऊन तासभर नुसती उभी होते. त्या सकाळसाठी साडेचार तासांचा प्रवास पुन्हा उद्या करायचीही माझी तयारी आहे. मध्य-पश्चिमेत तंबूच्या दारातून दिसणारं याहून चांगलं दृश्य मी पाहिलेलं नाही.

मालगाडी वरही ऐकू येते. रूळ कड्याखालूनच जातात. पण ५०० फूट खालून आलेला तो आवाज दूरचा असतो. जमीन हलत नाही, दिवा येत नाही, मुलं झोपेत कूस बदलतात एवढंच. ज्यांना तेवढंही नको त्यांनी त्याच पार्कातलं होमस्टेड कॅम्पग्राउंड घ्यावं. ते कड्यापासून आत, झाडीत आहे. दृश्य नाही, पण सावली दाट आणि वारा कमी. रांगत्या किंवा धावत्या वयाचं मूल असेल तर मीही होमस्टेडच सांगेन, कारण रिजवरच्या साइटच्या मागे सरळ उतार आहे. आमची मुलं शाळेत जाणारी आहेत, तरी अंधार पडल्यावर त्यांना तंबूच्या मागे जायची बंदी होती. वादळ आलं तर कडेच्या साइटवर वारा थेट बसतो, म्हणून दोऱ्या पहिल्याच संध्याकाळी ताणून बांधा, उद्यावर टाकू नका.

स्टेट पार्कचा हिशेबही सरळ आहे: साइटचा दर, वीज घेतली तर तिचे, रिझर्व्हेशनचा आकार, आणि गाडीच्या प्रवेशाचा स्टिकर. बाहेरच्या राज्याची नंबरप्लेट असेल तर जास्त पडतं, तरीही खालच्यापेक्षा आम्हाला कितीतरी कमी पडलं. एका साइटवर एक कुटुंब किंवा सहा जण, असा नियम आहे. आपल्याकडे तीन कुटुंबं मिळून जायची पद्धत, तेव्हा तीन साइट लागून मिळतील अशाच तारखा धरा. रात्री अकरा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते आणि रेंजर खरंच फिरतात. अंताक्षरी अकराच्या आत. लाकूड विस्कॉन्सिनच्या पार्कात १० मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित केलेलंच चालतं. आम्ही पार्कजवळच्याच एका शेताबाहेरून घेतलं, कोरडं आणि निम्म्या किमतीत.

बुकिंग विस्कॉन्सिनमध्ये ११ महिने आधी उघडतं. जुलै हवा असेल तर ऑगस्टमध्ये, सकाळी लॉगइन करून बसायचं. चुकलं तर आयोवाच्या काठावरचं पाइक्स पीक स्टेट पार्क बघा. तेही ५०० फुटांच्या कड्यावर, संगमाच्या बरोबर समोर, आणि तिथलं बुकिंग तीनच महिने आधी उघडतं. रविवार ते गुरुवार कुठेही सोपं जातं.

एवढं करूनही एखाद्याला काठावरच राहायचं असेल तर ठिकाण ठरवण्यापूर्वी नकाशाचं उपग्रहदृश्य उघडा. साइटपासून रुळांपर्यंतचं अंतर मोजा, दोन्ही काठांवर. अर्ध्या मैलाच्या आत रस्ता रूळ ओलांडतो का ते बघा. बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का बघा. यातलं एकही उत्तर वाईट असेल तर सोडून द्या.

पाण्याशेजारी झोपायची खरी हौस असेल तर मिसिसिपी सोडा आणि विस्कॉन्सिन नदीवर कॅनोने जा. प्रेरी डू सॅकच्या धरणापासून संगमापर्यंत ९२ मैल एकही धरण नाही आणि सरकारी मालकीच्या वाळूच्या बेटांवर तीन रात्रींपर्यंत फुकट राहता येतं. काचेच्या बाटल्या नेऊ देत नाहीत, कचरा सगळा परत आणायचा. धरणातून पाणी सोडलं की रात्रीत पातळी वाढते, म्हणून बेटाच्या सगळ्यात उंच जागी तंबू टाका आणि कॅनो ओढून वर आणून बांधा. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय मुलांना घोटाभर पाण्यातही सोडू नका. वाळूची कड अचानक संपते आणि पुढच्याच पावलाला पाणी डोक्यावर जातं. पोहता येणारी मोठी माणसंही इथे बुडाली आहेत.

किराणा, बर्फ, पेट्रोल प्रेरी डू शीनमध्येच भरून घ्या, पुढे पार्कपर्यंत भरवशाचं काही लागत नाही. आजूबाजूच्या छोट्या दऱ्यांत फोनचं नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि बॅटरीवर चालणारा हवामानाचा रेडिओ सोबत असू द्या. गवतातून चालताना पँट मोज्यांत खोचा आणि रात्री मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड तपासा. मोठ्याच्या पोटरीला एक सापडली, चिमट्याने काढली.