अक्षर माझे, वाक्य दुसऱ्याचे

प्रबंधाचा तिसरा मसुदा साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून गेला आणि अहवालावर 31 टक्के हा आकडा पाहून मला धडकी भरली. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मात्र आकडा बाजूला ठेवून रंगवलेला एकेक परिच्छेद उघडायला लावला. त्यात संदर्भसूची होती, अवतरणचिन्हांत दिलेले उतारे होते, ‘प्रस्तुत अभ्यासाचे उद्दिष्ट’ यांसारख्या सर्वच प्रबंधांत आढळणाऱ्या शब्दावळी होत्या. ते सगळे वगळल्यावर आकडा 12 वर आला. सॉफ्टवेअर केवळ शब्दांचे साम्य दाखवते, उचलेगिरी झाली की नाही हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.

उरलेल्या मजकुरात एक परिच्छेद असा होता की तो माझाच आहे, असे मी शपथेवर सांगितले असते. मूळ लेख काढून पाहिला, तर वाक्यांचा क्रम तोच होता, फक्त दोन क्रियापदे आणि एक विशेषण बदललेले होते. दोन वर्षांपूर्वी मी तो वहीत उतरवला होता, अवतरणचिन्हे न घालता आणि पृष्ठ क्रमांक न लिहिता; पुढे वही चाळताना अक्षर माझे, म्हणून विचारही माझाच वाटला.

त्याहून अवघड प्रश्न रंग न लागलेल्या पानांचा होता. काही इंग्रजी ग्रंथांतले युक्तिवाद मी मराठीत आणले होते; शब्द माझे असल्यामुळे ते यंत्राच्या नजरेतून सुटले, पण उदाहरणांची निवड आणि मांडणी मूळ लेखकांची होती. मी गप्प बसलो असतो, तर बहुधा कोणाला कळलेही नसते. बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “कोणती पाने?” ती अकरा निघाली.

मग सगळी टिपणे नव्याने लावली: जसेच्या तसे उतरवलेले लाल शाईत, माझ्या शब्दांतला सारांश निळ्या शाईत आणि माझे मत पेन्सिलीने. नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरल्या, तरी लेखकांची नावे आणि वर्षे हाताने तपासावीच लागली. एपीए या संदर्भ देण्याच्या शैलीत 40 किंवा अधिक शब्दांचा उतारा अवतरणचिन्हांशिवाय, स्वतंत्र परिच्छेदात आत सरकवून द्यावा लागतो, हेही मला तेव्हाच नीट समजले.

सर्वाधिक वेळ दुय्यम संदर्भांनी खाल्ला. एक विधान मी दुसऱ्याच्या पुस्तकातून घेऊन थेट मूळ ग्रंथाचा हवाला दिला होता. मूळ ग्रंथ मिळवला, तर तिथे त्याच विधानाला ‘काही परिस्थितींत’ अशी अट जोडलेली होती. मधल्या लेखकाने ती गाळली होती आणि माझा अख्खा निष्कर्ष त्या अट गाळलेल्या विधानावर उभा होता. ते प्रकरण पुन्हा लिहावे लागले.

आणखी एका विधानाचा मूळ स्रोत अखेरपर्यंत सापडला नाही. ते मला फार आवडत असे, तरीही सादर करण्याच्या आदल्या रात्री मी ते खोडले.