आमची वाटचाल : चुंबकसूचीपासून फॅरेडेंच्या कड्यापर्यंत

शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना विद्युत आणि चुंबकत्वाची साधनं बनवून देणं हे आमचं काम. सुरुवात झाली ती होकायंत्राच्या चुंबकसूचीपासून, आणि आजही सर्वांत जास्त हात तिच्यावरच बसावा लागतो. सूची कडक पोलादाची लागते. मऊ लोखंड झटकन चुंबक होतं, पण चुंबकत्व तितक्याच झटकन सोडतं. सूचीला मध्यावर पितळी टोपी बसवून ती खिळीवर अगदी आडवी तोलायची आणि मग चुंबकित करायची, हा सरळ दिसणारा क्रम. पण चुंबकित होताच तिचं उत्तर टोक झुकतं आणि डबीच्या तळाला घासतं. सूचीचं वजन तेच असतं; पृथ्वीचं चुंबकक्षेत्रच मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात सुमारे २५ अंश जमिनीकडे कललेलं आहे. म्हणून दक्षिण टोकाला तांब्याच्या बारीक तारेचा वेढा देऊन तोल पुन्हा साधावा लागतो.

रॉबर्ट नॉर्मन हे लंडनमधले होकायंत्र बनवणारे कारागीर. याच अडचणीपायी ते सूचीच्या या झुकावाच्या, म्हणजे नतीच्या, मागे लागले आणि १५८१ मध्ये त्यांनी ती मोजून प्रसिद्ध केली. लंडनला ती जवळजवळ ७२ अंश भरली. पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे, हे विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये मांडलं, ते नॉर्मन यांचं काम हाताशी असताना. नॉर्मन यांचं नाव शाळेच्या पुस्तकात यायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पुढचा संच ओर्स्टेड यांच्या प्रयोगाचा. विद्युतधारेमुळे चुंबकसूची विचलित होते, हे त्यांनी १८२० मध्ये कोपनहेगनला दाखवलं. संचात १८ गेजची तांब्याची तार (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक), दाबायची कळ, टॉर्चचा मोठा सेल आणि सूची, एवढंच असतं. तरी ‘सूची हलत नाही’ ही तक्रार हमखास येते. बहुतेक वेळा तार पूर्व-पश्चिम धरलेली असते. तारेभोवतीचं क्षेत्र तारेला काटकोनात असतं, त्यामुळे अशा वेळी ते सूचीच्याच रेषेत पडतं आणि तिला बाजूला ओढत नाही. तार उत्तर-दक्षिण, सूचीच्या बरोबर वर धरली पाहिजे. २ अँपिअर धारा असेल तर १ सेंटिमीटरवर तारेचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्ला होतं. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक आपल्याकडे जवळपास तेवढाच, म्हणून सूची ४५ अंशांच्या आसपास वळते. तार ३ सेंटिमीटर वर नेली की विचलन १८-१९ अंशांवर येतं. कळ दोन-तीन सेकंदांहून जास्त दाबू नये. सेलच्या दृष्टीने हे शॉर्ट सर्किटच असतं. लोखंडी टेबलावर तर हा प्रयोग मांडूच नये.

धारेने सूची हलते, याच परिणामामुळे कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय मापन अलिबागला गेलं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, आणि त्यांच्या धारेने नोंदी बिघडल्या असत्या. अलिबागच्या नोंदी १९०४ मध्ये सुरू झाल्या. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये.

विद्युतचुंबकाचं गणित सोपं. ८ मिलिमीटरच्या मऊ लोखंडी गजावर बॉबिन, त्यावर २६ गेजच्या इनॅमल तारेचे ३०० वेढे. तार साधारण ११ मीटर लागते आणि रोध एक ओहमच्या थोडा वर येतो. वेढे कमी केले तर रोध घटतो आणि सेल तापतो. गजाऐवजी पोलादी बोल्ट घातला तर धारा बंद केल्यावरही टाचण्या चिकटून राहतात. तारेची टोकं काचपेपरने तांबं चकाकेपर्यंत घासावीत, नाहीतर इनॅमलमुळे धारा वाहतच नाही.

प्रवर्तन म्हणजे चुंबक हलवून तारेच्या कुंडलात धारा निर्माण करणं. त्याच्या कुंडलाला ३६ गेजचे १००० वेढे, ३५ मिलिमीटर सरासरी व्यासावर. रोध सुमारे ६५ ओहम. ही तार केसासारखी, बाहेर काढतानाच तुटते. म्हणून टोकाला जाड लवचीक वायर डाख देऊन जोडतो आणि वर स्लीव्ह चढवतो. गॅल्व्हनोमीटरच्या, म्हणजे बारीक धारा काट्याने दाखवणाऱ्या मीटरच्या, जोडतारा मुद्दाम १ मीटरच्या ठेवल्या आहेत. जवळ ठेवला तर पट्टीचुंबकच काटा ओढतो. फार दूर नेला तर जिनिव्हाचे भौतिकशास्त्रज्ञ कोलादों यांच्यासारखं होतं. त्यांनी १८२५ मध्ये चुंबकाचा परिणाम टाळायला गॅल्व्हनोमीटर दुसऱ्या खोलीत ठेवला. चुंबक कुंडलात सरकवून ते तिथे पोहोचेपर्यंत काटा शून्यावर परतलेला असे. चुंबक हलत असतानाच धारा निर्माण होते, हे फॅरेडे यांनी १७ ऑक्टोबर १८३१ रोजी पाहिलं.

त्याआधी, २९ ऑगस्टला, त्यांनी लोखंडी कड्यावर दोन स्वतंत्र कुंडलं गुंडाळून प्रयोग केला होता. तसं कडं आमच्या यादीत अगदी अलीकडे आलं. कळ दाबताना काटा एका बाजूला झटका घेतो, सोडताना उलट बाजूला. मधल्या वेळात शून्यावर. कळ दाबून धरली असताना काटा एका बाजूला टिकून राहिला, तर ते प्रवर्तन नव्हे. कड्याच्या धारदार काठाने दोन्ही कुंडलांचं इनॅमल खरवडलेलं असतं आणि धारा लोखंडातून थेट पलीकडे जात असते. म्हणून काठ कानशीने गोल करून, सुती टेप गुंडाळूनच तार चढवतो. कडं पाठवण्यापूर्वी दोन्ही कुंडलांच्या मध्ये, आणि प्रत्येक कुंडल व लोखंडाच्या मध्ये, मल्टिमीटर लावून बघतो. कुठेही जोड दिसला, की तार उतरवून कडं पुन्हा कानशीखाली जातं.