डॉक्टरला सांगायला शब्दच नव्हता

गेल्या दिवाळीनंतर आंघोळ करताना हाताला लागलं, उजव्या गोटीच्या वरच्या मागच्या अंगाला, तुरीच्या दाण्याएवढं कायतरी. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काय नाही असं म्हणून जे गप्प बसलो ते थेट जानेवारीपर्यंत. त्यात आधीच्या रविवारी व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर खेळताना बॉल लागलेला, त्यामुळं सूज असणार असा हिशोब पण लावून मोकळा झालो.

खरी अडचण सांगायची होती. घरात मराठी, बाजारात कन्नड, रिपोर्ट इंग्लिशमध्ये, आम्हा बेळगाववाल्यांना तीन तीन भाषा येतात आणि ह्या एका जागेला एकीतपण नीट शब्द नाही! मराठीत जे आहेत ते सगळे शिव्यांत गेलेत, आणि वृषण म्हणावं तर दहावीच्या सायन्सचा पेपर आठवतो. आई विचारायची, "काय झालंय रे, जेवूलालास का न्हाई नीट?" तर मी पोट बिघडलंय म्हणायचो. शेवटी टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ एका डॉक्टरकडं गेलो तर रिसेप्शनला बाई, तिनं तक्रार विचारली, तोंडातून आलं ताप. तिनं ताप लिहिलं आणि थर्मामीटरपण लावला.

आत डॉक्टर धारवाडकडचे. मी आपला 'खाली गाठ' असं चिठ्ठीवर लिहून नेलेलं, ती त्यांना वाचताच येईना, मग बोट दाखवलं. "नोवु ऐतेनु?" दुखतंय का. म्हटलं, इल्ल्री, नाही. आणि मला वाटलं आता हे हसून घालवणार, तर ते उलट सरळ होऊन बसले. न दुखणारी गाठच जास्त बघायची असते म्हणाले, कारण गोटीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखत नाही, आणि तो म्हाताऱ्यांपेक्षा 15 ते 40 वयाच्या पोरांत जास्त होतो. मी 29 चा. घाम फुटला.

मग हातानं नीट तपासलं. त्यांना एवढंच बघायचं होतं की गाठ गोटीच्या अंगातच आहे का तिच्यापासून वेगळी लागते. आत असेल, दगडासारखी घट्ट, तर कॅन्सर नाही हे ठरेपर्यंत सोडायचं नाही. खोलीतला लाईट घालवून टॉर्चपण धरला, पाणी असलं की उजेड आरपार जाऊन लालसर दिसतं, घट्ट मांस उजेड अडवतं. पण माझी बारकी, टॉर्चवर भागलं नाही, सोनोग्राफी लिहून दिली. बॉलचं विचारलं तर म्हणाले, मार लागून कॅन्सर होत नाही, मार लागला की हात तिथं जातो आणि आधीचीच गाठ सापडते.

रिपोर्ट आला, मागच्या नळीतली पाण्याची गाठ, एपिडिडिमल सिस्ट. काय करायचं नाही, वाढली किंवा दुखली तर यायचं. दोन महिने ज्याच्यासाठी झोप घालवली ते हे.

बहुतेक गाठी अशाच निघतात, पाणी भरलेलं, नाहीतर हाताला गांडुळांच्या पिशवीसारख्या लागणाऱ्या फुगलेल्या शिरा, त्या बहुतेक डाव्या बाजूला आणि उभं राहिलं की जास्त. पण वरून ओळखता येत नाही. कॅन्सर निघालाच तरी लवकर सापडला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात, एक गोटी काढली तरी दुसरीवर पोरंबाळं होतात. युवराज सिंगचा ट्यूमर छातीत होता पण जात हीच, केमो घेऊन 2012 मध्येच परत खेळला की.

एक मात्र उलटं. एकदम जोरात दुखायला लागलं, उलटी आली, गोटी वर चढली, तर सकाळची वाट बघायची नाही. आत पीळ पडून रक्त बंद होतं आणि हातात साधारण 6 तास असतात. खानापूरच्या आतल्या गावातून रात्री गाडी शोधण्यातच त्यातले किती जातात ते आमच्याकडच्यांना सांगायला नको.

हे सगळं घरी बाबांना सांगितलं, आई देवळात गेलेली बघून. ते ऐकून घेतले, तंबाखू मळत बसले. मग हळूच, "माझं पण हाय गा एक. अंतर्गळ, पाणी भरलंय. धा-बारा वर्षं झाली असतील." धोतर का सोडत नाहीत, पँट का नको म्हणतात, ते आत्ता कळलं. दुखूलालंय का विचारलं तर म्हणाले, न्हाई, जड वाटतंय नुसतं.

सोमवारी दोघं जाऊलालोय. पाण्यामागं काय लपलेलं नाही ना ते सोनोग्राफीत बघून घेऊ. रिसेप्शनला ह्या वेळी मी सांगणार आहे, ताप नाही म्हणून. बाबांनी अट घातलीय, आईला ताप म्हणूनच सांगायचं.