शब्दसंग्रहाचे प्रश्न मी असे सोडवले

लोकसेवा आयोगाच्या गट-ब संयुक्त मुख्य परीक्षेची तयारी करताना मराठी व्याकरण मला जड गेलं नाही. संधी-समासाला नियम असतो. खरी कसरत शब्दसंग्रहाची. तिथे चारही पर्याय एकाच भावकीतले, आणि चुकलं की त्या प्रश्नाचे 25 टक्के गुण कापले जातात.

क्लासच्या नोट्समधल्या समानार्थी शब्दांच्या याद्या मी लवकरच बाजूला ठेवल्या. त्यांत हेवा, मत्सर, असूया, द्वेष एकाच ओळीत असायचे. मी प्रत्येकासाठी वाक्य लिहायला घेतलं. मैत्रिणीच्या नव्या घराचा हेवा वाटतो आणि तो तिला हसत सांगताही येतो. मत्सर सांगता येत नाही, कारण त्यात दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. असूयेचा अमरकोशातला अर्थ तर गुणांवरही दोष लादणं असा आहे. आणि द्वेष करायला समोरच्याकडे काही चांगलं असावं लागतच नाही. एवढं मांडून झालं की रिकाम्या जागेच्या वाक्यातला एखादाच शब्द दोन पर्याय उडवून लावतो.

संस्कृत शब्दांचा हिशेब सोपा. जल, नीर, अंबु म्हणजे पाणी. पुढे ‘ज’ आला की कमळ, ‘द’ आला की ढग, ‘धी’ आला की समुद्र. जलज, नीरद, अंबुधी हे पाठ कशाला करायचं? अनल म्हणजे आग आणि अनिल म्हणजे वारा, हे मात्र घोकावंच लागलं.

समूहदर्शक शब्दांत मजा यायची. भाकऱ्यांची चवड, नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी. सगळं एकावर एक रचलेलंच, पण अदलाबदल चालत नाही. गाथण म्हणजे ओवलेली माळ, हे मालवणच्या रूममेटने सांगितलं. केळी आमच्या जळगावची. झाडाला लागतो तो घड आणि बाजारातून आपण आणतो ती फणी, यात माझा गोंधळ नव्हता. पण पुस्तकात घडाशेजारी ‘लोंगर’ही असतो. पर्यायांत दोन्ही आले तर काय, यावर अभ्यासिकेत चहा गार होईपर्यंत वाद चालायचा. अशा वेळी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडायचा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. पहिल्या उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची तर आधार लागतो, तेव्हाही तोच कामी येतो.

निकालात मराठीने हात दिला. इंग्रजीचं विचारू नका.