आमची वाटचाल : मीटररूममधून सुरू झालेला हिशेब

इमारतींचे हिशेब पाहणारे स्वतःचे कार्यालय थाटण्यापूर्वी मी सात वर्षे पुण्यात, व्यापारी इमारतींची देखभाल पाहणाऱ्या एका कंपनीत लेखापाल होतो. सुरक्षारक्षक, सफाई, लिफ्टचा वार्षिक करार, पाण्याचे टँकर आणि जनरेटरचे डिझेल यांची बिले माझ्या टेबलावर जमा होत आणि महिनाअखेरीस तो सारा खर्च गाळेधारकांवर चौरस फुटांच्या प्रमाणात वाटला जाई.

एका इमारतीत तळमजल्यावर चष्म्याचे छोटे दुकान होते आणि वरचे दोन मजले रात्रभर चालणाऱ्या कॉल सेंटरने घेतले होते. “साहेब, मी नऊला शटर ओढतो, मग रात्रीचे डिझेल माझ्या बिलात कसे?” असे दुकानदाराने विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. मीटररूममध्ये गेल्यावर कळले की जनरेटरच्या लाइनवर प्रत्येक गाळ्याचे सबमीटर बसवलेले होते, इलेक्ट्रिशियन पेन्सिलीने रीडिंगही लिहून ठेवत असे, पण ती वही लेखा विभागापर्यंत कधी आलीच नव्हती. वरिष्ठांनी करारातील क्षेत्रफळाच्या कलमावर बोट ठेवले. कागदोपत्री ते बरोबर होते, हेही मान्य केले पाहिजे.

2013 साली मी एका सहकाऱ्यासह स्वतंत्र काम सुरू केले, ते याच कलमापासून. नवीन इमारतीचे काम घेताना डिझेल सबमीटरप्रमाणे आणि उरलेला सामायिक खर्च क्षेत्रफळाप्रमाणे, असा करारात बदल करून घेण्याचा आम्ही आग्रह धरला आणि त्यापायी सुरुवातीची दोन कामे हातची गेली.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि देखभालीवरील 15 टक्के सेवाकराच्या जागी 18 टक्के कर लागू झाला. कार्यालये चालवणाऱ्या कंपन्यांना त्याचे क्रेडिट मिळाले, म्हणजे हा कर त्यांना स्वतः भरायच्या जीएसटीतून वजा करता आला. त्याच इमारतीतील दातांच्या डॉक्टरांची सेवा करमुक्त असल्यामुळे त्यांना ते मिळेना, आणि वाढलेले तीन टक्के त्यांच्याच खिशातून गेले. हे त्यांना समजावून सांगण्यात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या.

टीडीएसचा, म्हणजे बिल चुकते करतानाच कापून सरकारकडे भरायच्या आयकराचा, घोळ मात्र जुनाच आहे. देखभालीचा करार वेगळा असूनही तो खर्च भाडेच समजून काही गाळेधारक 2 टक्क्यांऐवजी 10 टक्के कापत, शिवाय बिलात वेगळ्या दाखवलेल्या जीएसटीवरही कपात करत. त्यामुळे एप्रिल आणि मे हे आमचे दोन महिने 26 एएसचा, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कपातीच्या आयकर विभागाकडील तक्त्याचा, ताळमेळ लावण्यातच जात आले आहेत.

आज आम्ही नऊ जण चौदा इमारतींचे हिशेब पाहतो. प्रत्येक बिलामागे त्या गाळ्याच्या सबमीटरचा फोटो छापलेला असतो. गेल्या महिन्यात एका इमारतीतील फोटो अंधूक आले, म्हणून तिथली बिले दोन दिवस उशिरा गेली.