आमची वाटचाल: वागळे इस्टेट ते सातपूर, नॅनोसेकंदांचा हिशेब

ठाण्यात वागळे इस्टेटच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड मिळालेल्या एचपी 53131ए काउंटरवर. 500 पिकोसेकंदांपर्यंत, म्हणजे अर्ध्या नॅनोसेकंदापर्यंत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) वेळ मोजणारं हे यंत्र आजही बाकावर आहे. नव्या मुलाच्या हातात मी आधी तेच देतो.

आमचं काम म्हणजे दोन गावांतली रुबिडियम घड्याळं, म्हणजे लॅबमधली अणुघड्याळं, एकमेकांशी ताडून बघणं. दोन्हीकडे एकाच वेळी तोच जीपीएस उपग्रह धरायचा, आपलं घड्याळ किती पुढे-मागे ते नोंदवायचं आणि वजाबाकी करायची. उपग्रहाच्या घड्याळाची चूक उडते. ठाणे-नाशिक एवढ्या अंतरात आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात सिग्नलला होणारा उशीरही बहुतेक उडतो. याला लाखांचा रिसीव्हर लागत नाही. दर सेकंदाला एक पल्स देणारं काही हजारांचं जीपीएस टायमिंग मॉड्यूल पुरतं, फक्त पल्सचं सॉटूथ करेक्शन (पल्स किती नॅनोसेकंद पुढे-मागे पडली ते मॉड्यूलच सांगतं, ती दुरुस्ती) दर सेकंदाला लावलंच पाहिजे.

आमच्या एका स्पर्धकाला हे बघवत नव्हतं. 7 एप्रिल 2019, रविवार, पहाटे साडेपाचच्या सुमारास जीपीएसची आठवड्यांची मोजणी 1023 च्या पुढे न जाता पुन्हा शून्यावर आली आणि आमची जुनी मॉड्यूलं 22 ऑगस्ट 1999 दाखवू लागली. सोमवारचे रिपोर्ट 1999 सालच्या तारखेने गेले. तो कागद घेऊन त्यांचा माणूस आमच्या गिऱ्हाइकांकडे रबाळे-महापे पालथं घालत होता: "खेळण्यातल्या रिसीव्हरवर घड्याळं लावताय!" अहो, बिघडली होती ती तारीख. पल्स तसूभर हलली नव्हती, तारखेत 1024 आठवडे मिळवले की झालं. पण ऐकतो कोण? बिलं अडकली, करार गेले, गाळ्याचं भाडं थकलं, हाताशी तयार झालेली मुलं सोडून गेली. तो राग अजून गेलेला नाही.

नाशिकजवळच्या सातपूरचे लॅबवाले सर तेवढे आपला रिसीव्हर गाडीत घालून कसारा घाट उतरून आले. म्हणाले, "तोंडी नको, लावून दाखवा." एक अँटेना, तिचा सिग्नल दोघांना वाटणारा एक स्प्लिटर, एकच रुबिडियम, दोघांचे रिसीव्हर. रात्रभर चालवले. फरक मोजक्या नॅनोसेकंदांचा. तो ग्राफ सरांनी स्वतः ओळखीच्या लॅबना पाठवला आणि पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ दिले. त्यावर आम्ही उभे राहिलो. पुढे काम वाढत गेलं.

या धंद्यात येणाऱ्यांनो, रिसीव्हरच्या आधी केबल मोजा. आरजी-58 ही अँटेनाची केबल मीटरमागे सुमारे 5 नॅनोसेकंद खाते. अँटेना टाकीला किंवा पत्र्याच्या शेडला खेटून लावू नका, परावर्तन आकडे बिघडवतं. मे संपायच्या आत कनेक्टर टेपने गुंडाळा.

आणि स्वस्त रिसीव्हरवर अजूनही ज्यांचा विश्वास नाही, त्यांनी आपला महागडा घेऊन यावं. स्प्लिटर लावलेलाच आहे.